रेघ कुठून गेली, बघितलंत का?

मैत्रिणींनो, पेपर हातात आला की आपण काय काय वाचतो? पहिलं पान वरवर, मग गावाकडची बातमी, निधन वार्ता, राशिभविष्य आणि मग ही आपली पुरवणी. पण मधल्या पानावर एका कोपऱ्यात कधी कधी एक बातमी असते. ‘प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध, हरकतींसाठी अमुक तारखेपर्यंत मुदत.’ ही बातमी आपण वाचत नाही. वाचली तरी ती पुढाऱ्यांची, कार्यकर्त्यांची बातमी वाटते. आपलं पान उलटतं.

गेली बरीच वर्षं मी गगनबावडा तालुक्यात बचत गटांच्या बायकांबरोबर काम करते आहे. या बातमीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. एक मावशी तर मला म्हणाल्या, “बाई, रेघ कुटनं का जाईना, माझी चूल तर हितंच हाय न्हवं?”

चूल तिथंच राहते, हे खरं. पण त्या चुलीपर्यंत पाणी येणार का, रस्ता येणार का, अंगणवाडीला खोली मिळणार का, आणि हे मागायला कुणाच्या दारात जायचं, हे सगळं त्या रेघेवर अवलंबून असतं. म्हणून आज ही रेघ जरा समजून घेऊ या.

पिठाचे गोळे सारखे हवेत

भाकरी थापताना आपण पिठाचे गोळे सारखे करतो. एक मोठा, एक लहान झाला तर कुणाला पोटभर आणि कुणाला अर्धपोटी. प्रभाग रचना म्हणजे तेच. गावातल्या माणसांचे सारखे वाटे करायचे आणि प्रत्येक वाट्याला सारखे सदस्य द्यायचे. माणसं किती, हे जनगणनेवरून ठरतं.

आमच्या तालुक्यात नगरपालिका नाही, आहेत त्या ग्रामपंचायती. ग्रामपंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. लोकसंख्या दीड हजारापर्यंत असली तर ७, दीड ते तीन हजार असली तर ९, असं ते चढत जातं. गावाचे प्रभाग पाडतात आणि प्रत्येक प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडून येतात.

समजा, एका गावाची लोकसंख्या १,८०० आहे. म्हणजे ९ सदस्य. एका सदस्यामागे २०० माणसं. तीन-तीन सदस्यांचे तीन प्रभाग केले तर प्रत्येकात ६०० माणसं यायला हवीत. पण घरं काही मोजून बांधलेली नसतात. म्हणून १० टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे प्रभागात ५४० पासून ६६० पर्यंत माणसं असली तरी चालतील.

बाकीचेही नियम आहेत. रचना उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्येकडून पूर्वेला यायचं, मग पूर्व-पश्चिम करत करत दक्षिणेला संपवायची. सीमा शक्यतो नदी, ओढा, डोंगर, रस्ता अशी डोळ्यांना दिसणारी हवी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडायच्या नाहीत. जनगणनेच्या वेळी घरांचे जे प्रगणक गट केलेले असतात, तेही होता होईल तो तोडायचे नाहीत.

वाचायला सोपं आहे. पण आमच्याकडं गाव म्हणजे एका जागी वसलेली घरं नव्हेत. मूळ गाव खाली, दोन वाड्या वर, एक धनगरवाडा जंगलाच्या कडेला. गावाचा आकडा बसवताना कुठली तरी वाडी कशाला तरी जोडावी लागते. ती कशाला जोडली, यातच सगळं आलं.

एक वाडी, दोन प्रभाग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका गावाचा प्रारूप नकाशा लागला होता. गावाचं नाव सांगत नाही. तिथली एक वाडी ओढ्याच्या अलीकडे आहे, साधारण तीनशे माणसांची. नकाशातली रेघ वाडीच्या मधल्या पायवाटेवरून गेली होती. अर्धी वाडी एका प्रभागात, अर्धी ओढ्यापलीकडच्या गावाच्या प्रभागात.

वाडीतल्या बचत गटात पंधरा जणी होत्या. त्यातल्या आठ एका प्रभागात गेल्या, सात दुसऱ्या. पहिल्यांदा त्यांनाही हे काही विशेष वाटलं नाही. मग आम्ही एका वहीवर हिशेब मांडला. वाडी एकत्र राहिली तर प्रभागातली निम्मी माणसं वाडीची. मत मागायला आलेल्या प्रत्येकाला वाडीत यावंच लागणार, वाडीतलीच एखादी बाई उभी राहिली तर निवडून येऊ शकणार. वाडी फोडली तर दोन्हीकडं पाव हिस्सा. पाव हिश्श्याला कोण विचारतो? त्या वाडीच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये आटतं, हे दोन्ही प्रभागांत सांगावं लागणार आणि दोन्हीकडचे सदस्य दुसऱ्याकडं बोट दाखवणार.

हा हिशेब मात्र सगळ्यांना पटला. बायकांनी अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीच्या प्रभागांबाबतच्या हरकती तहसीलदारांकडे द्यायच्या असतात आणि सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे होते. सुनावणीला पाच जणी गेल्या. दोघींनी घरात ‘दवाखान्यात जातोय’ असं सांगितलं होतं, हेही लिहायला हवं. त्यांच्या दोन मागण्या होत्या. एक, वाडी एकत्र ठेवा. दुसरी, वरचा धनगरवाडाही आमच्याच प्रभागात द्या, कारण त्यांची बाजारहाट, दळण, शाळा सगळं आमच्या वाटेनं आहे.

पहिली मागणी मान्य झाली. रेघ पायवाटेवरून उचलून ओढ्यावर गेली. दुसरी फेटाळली गेली, कारण धनगरवाडा धरला तर प्रभागाची लोकसंख्या १० टक्क्यांच्या पुढं जात होती. ते उत्तर बायकांना आवडलं नाही, पण समजलं. कारण आकडा त्यांना माहीत होता. त्या निवडणुकीत वाडीतली एक सून सदस्य झाली. सगळे प्रश्न सुटले असं नाही. पण पाण्याच्या लाइनचा विषय मासिक सभेच्या कागदावर तरी आला.

आमच्या तालुक्याच्या वाट्याला दोन

आता गावातून जरा वर जाऊ. जिल्हा परिषदेसाठी जिल्ह्याचे गट पाडतात. (हा गट म्हणजे आपला बचत गट नव्हे बरं का!) प्रत्येक गटाचे दोन गण, ते पंचायत समितीसाठी. कोल्हापूर जिल्हा परिषदेचे २०२५ च्या रचनेत ६८ गट झाले. त्यातले करवीर तालुक्याला १२, हातकणंगल्याला ११ आणि आमच्या गगनबावड्याला दोन. तिसंगी आणि असळज.

दोनच? असं वाटेल. पण हिशेब उलटा करून बघा. २०११ च्या जनगणनेत गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या होती पस्तीस हजारांच्या आसपास. जिल्ह्यातला हा सगळ्यात कमी वस्तीचा तालुका. जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या साधारण २६ लाख. तिला ६८ नं भागलं तर एका गटामागे ३८ हजार माणसं येतात. म्हणजे नुसत्या आकड्यानं आमच्या अख्ख्या तालुक्याला एक गटसुद्धा पुरता येत नाही.

मग दोन दिले ते बरोबर की चूक? हातकणंगल्याच्या एखाद्या बाईनं विचारलं की, ‘तुमचं एक मत आमच्या दोन मतांएवढं का?’ तर तिचा प्रश्न रास्त आहे. पण तिच्या गटातलं एक टोक ते दुसरं टोक गाडीवरून थोड्या वेळात होतं. आमच्याकडं कोल्हापूर ५५ किलोमीटर लांब, मधे घाटवाटा, जंगल, पावसात बंद पडणारे रस्ते. शिवाय पंचायत समिती तालुक्याची असते. एकच गट दिला तर दोनच सदस्य होणार. दोघांची कसली समिती? सारखा वाटा आणि पुरेसा वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला घरात रोज कळतं. बाळंतीण सुनेला आणि आपल्याला आपण एकाच मापानं वाढत नाही.

फक्त एक लक्षात ठेवायचं. जादा मिळालेला हा आवाज आपण वापरला नाही, तर उद्या कुणी म्हटलं की ‘यांना दोन कशाला?’ तर उत्तर द्यायला तोंड राहणार नाही.

नववीतली मुलगी मोजलेलीच नाही

या सगळ्याचा पाया जनगणना. ती दर दहा वर्षांनी होते, आपल्याला शाळेपासून माहीत आहे. २०११ नंतर २०२१ ला व्हायची होती. कोरोना आला आणि ती राहिली. म्हणून २०२५ मध्ये जी रचना झाली, तीसुद्धा २०११ च्याच आकड्यांवर. म्हणजे त्या जनगणनेनंतर काही महिन्यांनी जन्मलेली मुलगी २०२५ मध्ये नववीत बसली होती, तरी प्रभागाच्या हिशेबात ती नव्हती. या चौदा वर्षांत लग्न करून आलेल्या सुना नव्हत्या. कामासाठी कुटुंबासकट मुंबई-पुण्याला गेलेली घरं मात्र होती.

आता सरकारनं जून २०२५ मध्ये नव्या जनगणनेची अधिसूचना काढली आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. या आकड्यांवर पुढच्या रेघा आखल्या जातील. त्यामुळं मोजणीला माणूस दारात येईल तेव्हा ‘घरात कुणी नाही, नंतर या’ असं म्हणू नका. उत्तरं द्यायला सासऱ्यांची, दिरांची वाट बघू नका. घरात कोण राहतं, हे घरातल्या बाईइतकं कुणाला माहीत असतं? म्हातारी सासू, माहेरी परत आलेली नणंद, तान्हं बाळ, सगळ्यांची नावं सांगा. विशेषतः परतून आलेल्या लेकी. त्यांचं नाव माहेरच्या यादीत नको म्हणून लपवतात आणि सासरच्या यादीतून तर ते कधीच गेलेलं असतं.

रेघ कोण ओढतं?

रेघ वाकडी ओढण्याचा खेळ काही आपल्याकडंच नाही. अमेरिकेत १८१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला सोयीची मतदारसंघ रचना मंजूर केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानं त्याचं सरड्यासारख्या प्राण्याच्या रूपात व्यंगचित्र छापलं. सॅलॅमँडर नावाचा तो प्राणी आणि गेरींचं नाव, दोन्ही जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द झाला. दोनशे वर्षं झाली, शब्द अजून वापरात आहे.

आपल्या राज्यात या कामासाठी १९९४ पासून राज्य निवडणूक आयोग आहे. पण मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा करून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य सरकारकडं घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकार बदलल्यावर आधी झालेली रचना रद्द करून जुन्या सदस्यसंख्येवर जायचं ठरलं. त्यातच इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात. मे २०२५ मध्ये न्यायालयानं निवडणुका घ्या असं सांगितलं, तेव्हा गाडी हलली.

या ओढाताणीत काय झालं ते कोल्हापूर शहराकडं बघून कळतं. २०१५ मध्ये महापालिकेत ८१ नगरसेवक होते, प्रत्येक प्रभागाला एक. २०२२ मध्ये ९२ जागा आणि ३१ प्रभाग अशी रचना झाली, ती कागदावरच राहिली. शेवटी पुन्हा ८१ जागा, पण प्रभाग फक्त २०, प्रत्येकात चार आणि एकात पाच नगरसेवक. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली होती. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. पाच वर्षं शहरातल्या बाईला गटार तुंबलं म्हणून हक्कानं हाक मारायला नगरसेविका नव्हती. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथंही प्रशासकच बसले. अधिकारी काम करत नाहीत असं नाही. पण अधिकाऱ्याला पुन्हा मत मागायला आपल्या दारात यायचं नसतं.

बायकांसाठी या रेघेचा आणखी एक अर्थ आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या. पण कुठला प्रभाग महिलांचा, हे फिरत राहतं. आज महिला राखीव, पुढं नाही. त्यात रेघही बदलली तर पाच वर्षं राबलेल्या सदस्याची ओळखीची आळीच दुसऱ्या प्रभागात जाते. तिनं बांधलेलं नातं तिथंच तुटतं आणि पुढच्या वेळी ती नव्यानं सुरुवात करते, नाही तर घरी बसते. आणि लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांना देणारी २०२३ ची घटनादुरुस्ती आठवते ना? तिच्यातही हे आरक्षण जनगणनेनंतर होणाऱ्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेला जोडलेलं आहे. म्हणजे तिथंही आधी मोजणी, मग रेघ आणि मग आपली जागा.

जुलैचे आठ दिवस

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट सांगते. जिल्हा परिषद गटांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला १४ जुलै २०२५ ला. हरकती द्यायची शेवटची तारीख २१ जुलै. दोन्ही दिवस धरून आठ दिवस.

गगनबावड्याचा जुलै ज्यांनी बघितला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. हा जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका. बाया पहाटेपासून भाताच्या रोप लावणीला, गुडघाभर चिखलात, कंबर वाकलेली. कुंभीला पूर आला की मांडुकली, खोकुर्ल्याजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरचा रस्ता तुटतो. हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडं नोंदवायच्या आणि निर्णय पुण्याच्या विभागीय आयुक्तांचा. लावणीतली बाई हे सगळं कधी करणार?

ही मुदत कुणी मुद्दाम बायकांच्या विरोधात ठेवली असं मी म्हणत नाही. न्यायालयाची तारीख होती, घाई होती. पण वेळापत्रक करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं लावणीतली बाई नव्हती, हे नक्की. यापुढं हरकतींची मुदत वाढवा, नकाशा वाडीवर येऊन दाखवा, तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी घ्या, अशी मागणी ग्रामसभेत ठरावानं करता येते. महिलांच्या ग्रामसभेतही करता येते. ती करायला पावसाळा लागत नाही.

एवढं तरी करू या

पुढच्या वेळी नकाशा लागेल तेव्हा काय करायचं, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, नकाशा बघायला दोघी-तिघी मिळून जा. ग्रामपंचायतीच्या किंवा तहसील कार्यालयाच्या फलकावर तो लावतात. नकाशात आधी आपलं घर शोधा, मग पाणवठा, शाळा, रेशन दुकान. आपली वाडी अख्खी एका बाजूला आहे का ते बघा.

दुसरं, नकाशासोबत प्रभागांची लोकसंख्या दिलेली असते. वर सांगितलेला हिशेब करा. शाळेत जाणाऱ्या लेकीला बसवा, ती पाच मिनिटांत करेल.

तिसरं, हरकत लिहिताना कायद्याला ऐकू येईल असं कारण लिहा. ‘आमचा माणूस पडेल’ हे कारण नव्हे. ‘वाडी दोन भागांत तुटते’, ‘मधे ओढा आहे, पावसाळ्यात ओलांडता येत नाही’, ‘लोकसंख्या १० टक्क्यांच्या बाहेर जाते’, ही कारणं. आणि नुसतं नको म्हणू नका. रेघ कुठून जावी, ते आकड्यासकट सुचवा.

चौथं, अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का, तारीख बघा. सुनावणीला बोलावलं तर जाच. बोलणारी एक ठरवा आणि बाकीच्या तिच्या मागं उभ्या राहा. पाच बायका समोर उभ्या असल्या की साहेबसुद्धा नकाशा नीट उलगडून बघतात, हा माझा अनुभव आहे.

पाचवं, ग्रामपंचायतीच्या प्रभागांच्या आरक्षणाची सोडत विशेष ग्रामसभेत निघते. लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. त्या सभेला हजर राहा. आपल्या नशिबाची चिठ्ठी निघताना आपण तिथं असावं, एवढं तर वाटायला हवं ना?

त्या मावशींना मी उत्तर दिलं होतं ते असं. “मावशी, शेताचा बांध सरकला तर गप्प बसाल का?” त्या लगेच म्हणाल्या, “का म्हणून? कोर्टापातुर जाईन की!” मैत्रिणींनो, प्रभागाची रेघ हाही आपला बांधच आहे. शेताच्या बांधासाठी आपल्याकडं पिढ्या भांडल्या. या बांधासाठी एक कागद लिहायचा आहे आणि एक दिवस काढायचा आहे. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं हा विषय घ्या. आपला प्रभाग कोणता, त्यात कोणकोणत्या वाड्या आहेत आणि आपले सदस्य कोण, एवढं प्रत्येकीला सांगता येतंय का ते विचारा. नाही आलं तर पहिलं काम तेच.